ब्रूस ली वाचायचाय: आधी कोणतं पुस्तक घ्यावं?

मुखपृष्ठावर ‘लेखक: ब्रूस ली’ असं दिसलं की ते पुस्तक त्यानेच लिहिलं असणार, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात त्याच्या हयातीत त्याचं एकच पुस्तक निघालं, 1963 चं ‘चायनीज गुंग फू’. त्यात पारंपरिक गुंग फू (म्हणजे कुंग फू) आहे, जीत कुन दो ही त्याची स्वतःची लढण्याची पद्धत नाही; तिला ते नाव त्याने 1967 मध्ये दिलं. बाकीची पुस्तकं 20 जुलै 1973 ला तो गेल्यावर त्याच्या वह्या, पत्रं आणि फोटोंमधून इतरांनी जुळवली. म्हणून संपादक कोण आणि मजकूर कुठून आला, हे आधी पाहावं.

बहुतेक जण ‘ताओ ऑफ जीत कुन दो’ (1975) पासून सुरुवात करतात आणि तिथेच अडकतात. ऑगस्ट 1970 मध्ये वॉर्म-अप न करता, खांद्यावर बारबेल घेऊन कमरेत वाकण्याचा व्यायाम करताना त्याची पाठ जबर दुखावली. अंथरुणाला खिळलेल्या त्या महिन्यांत त्याने वह्या भरल्या, आणि या पुस्तकाचा बराचसा मजकूर त्यांतला आहे. टिपणं स्वतःसाठी असल्याने वाक्यं तुटक, स्पष्टीकरण जवळजवळ नाही. अंतर, हुलकावणी, टायमिंग यांवरचे कितीतरी उतारे फेन्सिंग आणि बॉक्सिंगच्या पुस्तकांतून जसेच्या तसे उतरवलेले आहेत, पण मूळ लेखकांची नावं तिथे नाहीत. जीत कुन दोमध्ये ताकदीचा हात पुढे का ठेवायचा, हे फेन्सिंग डोळ्यांसमोर आणलं की चटकन कळतं: जवळचं शस्त्र, जवळचं लक्ष्य. बॉक्सिंग किंवा कराटेचा दोनेक वर्षांचा सराव असेल तर हे पुस्तक खजिना आहे. नवख्याने थांबावं.

नवख्यासाठी ‘ब्रूस लीज फायटिंग मेथड’ बरं. मितो उएहारा यांच्यासोबतचे हे चार भाग 1976 ते 1978 दरम्यान आले, आणि 2008 मध्ये एकत्र खंड निघाला. सुटे भाग आणि खंड दोन्ही घेऊ नका, मजकूर तोच आहे. पवित्रा, पावलं, सरळ ठोसा हे सगळं फोटोंमधून क्रमाने दिसतं. धोका इतकाच की स्थिर फोटोत वेग आणि टायमिंग येत नाही. आरशासमोर पोझ जुळते, पण मागच्या पायाची टाच उचललेली ठेवायची राहून जाते आणि पुढे झेप घेताना शरीर जड पडतं. म्हणून जोडीदार घेऊन, एकेक हालचाल सावकाश करून पाहावी.

जॉन लिटल यांनी 1997 पासून संपादित केलेल्या मालिकेतलं ‘द आर्ट ऑफ एक्स्प्रेसिंग द ह्यूमन बॉडी’ व्यायामासाठी चांगलं. पण हाँगकाँगच्या जिममधलं 1965 चं कार्ड (95 पौंडांचे स्क्वॉट, 10 चे 3 सेट) ही त्या काळातल्या त्याच्या सरावाची नोंद आहे. तो आपला कार्यक्रम म्हणून उचलू नये.

चरित्रांत खरी निवड त्याची पत्नी लिंडा ली आणि चरित्रकार मॅथ्यू पॉली यांच्यात आहे. ऑकलंडमधली 1964 ची कुंग फू शिक्षक वाँग जॅक मॅनशी झालेली ब्रूस लीची लढत घ्या. लिंडा ती तिथे पाहत होत्या आणि ती तीनेक मिनिटांत संपली असं सांगतात. वाँग यांच्या म्हणण्यानुसार ती वीस-पंचवीस मिनिटं चालली. लिंडांच्या 1975 च्या पुस्तकात घर आहे, माया आहे, पण प्रश्न कमी आहेत. पॉलींचं 2018 चं ‘ब्रूस ली: अ लाइफ’ बऱ्याच लोकांशी बोलून लिहिलेलं आहे आणि अवघड बाजूही दाखवतं. मृत्यूमागे उष्माघात असावा असं ते मांडतात: 10 मे 1973 ला डबिंगच्या खोलीत एसी बंद असताना तो कोसळला होता, आणि काखेतल्या घामाच्या ग्रंथी त्याने काढून घेतल्या होत्या. तर्क भक्कम आहे, तरी तो तर्कच. एकच चरित्र घ्यायचं तर पॉलींचं घ्या.

‘स्ट्रायकिंग थॉट्स’ (2000) सुविचारांसारखं उघडून वाचता येतं. फक्त त्यातलं वाक्य ब्रूस लीच्या नावाने पुढे पाठवण्याआधी थांबा. अंथरुणात तो जे. कृष्णमूर्ती वाचत होता; ज्यांनी कृष्णमूर्ती वाचले आहेत त्यांना वहीतल्या बऱ्याच ओळी ओळखीच्या वाटतील. त्याचा स्वतःचा आवाज हवा असेल तर ‘लेटर्स ऑफ द ड्रॅगन’ मधली पत्रं जास्त खरी आहेत, कारण ती त्याने कुणाला तरी उद्देशून लिहिली होती.