घामट हात आणि गिटारच्या तारा: कोटेड सेट घ्यावा का, आणि बाकी कशावर पैसे घालू नयेत

साध्या फॉस्फर ब्राँझचा नवा सेट चढवून जेमतेम दोन आठवडे होतात आणि चौथ्या तारेचा आवाज बसतो. वरून तार सोनेरीच दिसते. पण दुसऱ्या फ्रेटपाशी तीच तार खालच्या अंगाने, म्हणजे फ्रेटबोर्डकडच्या बाजूने, नखाने हलकेच खरवडली की काळपट ओला मळ नखात येतो. पहिल्या-दुसऱ्या तारेवरून बोट फिरवलं तर खरखर लागते आणि बोटावर करडी रेघ उमटते. तळहाताला घाम येणाऱ्यांना हे पाहून वाटतं की आपल्या वाजवण्यातच काही चुकतंय. चुकत काही नसतं, तार खराब होण्याची ती सरळ प्रक्रिया आहे. ती कळली की कोणती वस्तू घ्यायची आणि कोणती दुकानातच ठेवून यायची, हे आपसूक ठरतं.

जाड तारांना पोलादी गाभा असतो आणि त्यावर ब्राँझची बारीक तार गुंडाळलेली असते. घामातलं मीठ आणि बोटाची सुटी कातडी या वेढ्यांच्या फटीत जाऊन बसते. तांबं हिरवट-काळं पडतं आणि फटी भरल्या की वेढ्यांची मोकळी थरथर थांबते. शिवाय मळ सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून तारेचं वजन जागोजागी वेगळं होतं. बाराव्या फ्रेटवरचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबून वाजवलेला सूर जुळेनासा झाला, तर सॅडलला, म्हणजे ब्रिजवर तारा टेकतात त्या पट्टीला, हात लावायच्या आधी तार बदलून पाहावी, ती याच कारणाने. पहिल्या-दुसऱ्या तारेचं दुखणं वेगळं. ती पोलादाची असते, वर कथिलाचा मुलामा असतो, आणि फ्रेटला घासून मुलामा गेला की तिथे गंज धरतो. त्यात रत्नागिरी, मुंबई किंवा पणजीची पावसाळी हवा असली तर घाम वाळायलाही वेळ मिळत नाही.

आता कोटेड, म्हणजे आवरण चढवलेल्या, तारांकडे येऊ. घामट हाताच्या माणसाला आमची पहिली शिफारस एलिक्सरच्या नॅनोवेब फॉस्फर ब्राँझची. एलिक्सर ही गोरटेक्स कापड बनवणाऱ्या डब्ल्यू. एल. गोर कंपनीची तार. तिचं वैशिष्ट्य असं की जाड तार पूर्ण गुंडाळून झाल्यावर तिच्यावर बाहेरून, टेफ्लॉनच्या कुळातल्या पॉलिमरचं पातळ आवरण चढवलेलं असतं. त्यामुळे वेढ्यांच्या फटी झाकल्या जातात आणि घाम आत उतरतच नाही. काही कोटेड तारांमध्ये आधी गुंडाळायच्या तारेलाच लेप देतात आणि मग ती गाभ्यावर गुंडाळतात. धातू तिथेही वाचतो, पण फटी उघड्याच राहतात आणि मळ बसायचा तो बसतोच. ज्याचे हात कोरडे आहेत त्याला हा फरक जाणवणार नाही. ज्याच्या बोटांचे ओले ठसे फ्रेटबोर्डवर दिसतात, त्याच्यासाठी मात्र हाच निर्णायक मुद्दा आहे.

हिशेबही पाहू. रोज तासभर वाजवणाऱ्या घामट हाताखाली साधा सेट दोन-तीन आठवडे बरा वाजतो. नॅनोवेब दोन-अडीच महिने सहज निघतो. किंमत साधारण दुपटी-अडीचपटीच्या घरात, म्हणजे शेवटी स्वस्तच पडतो. उलट ज्यांना दर आठवड्याला ताज्या तारेचा झणझणीत आवाज हवा असतो, त्यांनी साधा सेटच घ्यावा. कोटेड तारेचा पहिल्या दिवसाचा आवाज साध्या नव्या तारेहून किंचित मऊ असतो. पण तो महिनाभर तसाच टिकतो, आणि घामट हाताला नेमकं तेच हवं असतं.

नॅनोवेब घ्यावा की एलिक्सरचाच पॉलिवेब? पॉलिवेबचं आवरण जाड असतं. टिकतो चांगला, पण आवाज गोलसर होतो आणि तार बोटाला मेणचट लागते. अकूस्टिकवर आम्ही नॅनोवेबच सुचवू. दुकानात कंपनीच्या क्रमांकाने मागायचा तर १२ ते ५३ चा लाइट सेट (हे आकडे म्हणजे सर्वांत बारीक आणि सर्वांत जाड तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) म्हणजे १६०५२. बोटं कोवळी असतील तर ११ ते ५२ चा कस्टम लाइट, १६०२७. त्याच मालिकेत ८०/२० ब्राँझही येतो, म्हणजे ८० टक्के तांबं आणि २० टक्के जस्त. त्याचा आवाज जास्त चकचकीत असतो, पण आवरण फाटलं की हा मिश्रधातू फॉस्फर ब्राँझपेक्षा लवकर काळवंडतो. घामट हाताने त्याच्या वाटेला जाऊ नये.

दोष सांगायलाच हवेत. पहिला: पिक जोरात मारणाऱ्यांच्या तारेवर साउंडहोलच्या आसपास काही आठवड्यांत पांढरे तंतू लोंबू लागतात. ते आवरण सुटलेलं असतं. आवाजाला लगेच धोका नसतो, पण बोटांनी ओढून काढू नयेत, कारण एक धागा ओढला की पुढचं आवरण सोलत जातं. बारीक कात्रीने टोकं तेवढी छाटावीत. दुसरा: हे आवरण मुळात निसरडं. एका कॉर्डवरून दुसरीकडे सरकताना होणारी किरकिर कमी होते हे खरं, पण बोट ओलं असेल तर बेंड करताना, म्हणजे सूर चढवायला तार बाजूला ढकलताना, तार बोटाखालून निसटते. इलेक्ट्रिकवर बेंडिंग जास्त असणाऱ्यांनी म्हणून नॅनोवेबऐवजी एलिक्सरचाच ऑप्टिवेब घ्यावा. त्याचं आवरण सर्वांत पातळ, आणि स्पर्श साध्या निकेलच्या तारेच्या जवळ जाणारा. १० ते ४६ चा सेट १९०५२. तिसरा दोष सगळ्यात महत्त्वाचा: पहिल्या-दुसऱ्या तारेवर हे आवरण नसतं. तिथे गंजरोधक मुलामा असतो. तो साध्या कथिलापेक्षा बरा, पण अमर नाही. चार जाड तारा ठणठणीत आणि बारीक दोन खरखरीत, अशी अवस्था हमखास येते. त्यासाठी अख्खा सेट फेकू नका. १२ ते ५३ च्या सेटसाठी १२ आणि १६ नंबरच्या सुट्या पोलादी तारा मिळतात, त्या दोन-दोन आणून ठेवा आणि तेवढ्याच बदला.

पर्याय म्हणून डॅडारिओचा एक्सएस पाहावा. जाड तारांवर फार पातळ फिल्म असते आणि बारीक तारांवरही संरक्षक लेप असतो. आवाज एलिक्सरपेक्षा थोडा उघडा. पांढरे तंतूही कमी दिसतात. त्याच कंपनीचा एक्सटी हा मधला पर्याय, स्पर्श जवळजवळ साध्या तारेचा. हात किंचित ओलसर होणाऱ्यांना तो पुरतो. तळहात अक्षरशः टपकत असतील तर नाही पुरत.

कोटेड तार चढवताना एक काळजी घ्या. खुंटीत ओवल्यावर जास्तीची तार आधी पक्कडीने काटकोनात वाकवा आणि मग वाकलेल्या जागेच्या पुढे कापा. सरळ कापली तर वेढे गाभ्यावरून सैल होतात, तार सूर धरत नाही आणि दोष कंपनीला मिळतो. पक्कडीच्या दातांनी तारेचा वाजणारा भागही धरू नका. आवरणाला चरा पडला की घाम तिथूनच आत शिरतो.

यापुढची शिफारस दुकानातल्या काचेच्या कपाटात मिळणार नाही. जुना, पाच-सहा वेळा धुतलेला सुती पंचा. गिटारसोबत मिळणारं गुळगुळीत पॉलिशिंगचं फडकं चमक आणतं, घाम शोषत नाही. पंचाचा वीतभर तुकडा कापा, तारांखालून सरकवा, चिमटीत एकेक तार वरून-खालून धरून नटपासून (खुंट्यांजवळच्या खाचांच्या पट्टीपासून) ब्रिजपर्यंत ओढत न्या. सहा तारांना अर्धं मिनिट लागतं. मग मानेची मागची बाजू पुसा आणि उजवा हात टेकतो तो खोक्याचा काठही. हे वाजवून झाल्या झाल्या करायचं. चहा पिऊन येईपर्यंत मीठ वाळलेलं असतं. आणि तो ओला तुकडा केसच्या कप्प्यात ठेवू नका. बहुतेक लोक नेमकं तेच करतात, आणि झाकण लावल्यावर ती ओल रात्रभर तारांभोवतीच कोंडून राहते. पंचा दोरीवर वाळत, गिटार अर्धा तास स्टँडवर, मग केस बंद.

फास्ट-फ्रेट नावाची लोकरी गादीची कांडी अनेकांच्या बॅगेत असते. तिच्यात खनिज तेल असतं. साध्या तारांसाठी ती चांगली आहे: तार पुसून घ्यावी, कांडी दोनदा फिरवावी आणि वरचं तेल लगेच पंचाने टिपून घ्यावं. न टिपता सोडलं तर तेलावर धूळ बसते आणि मळ दुप्पट होतो. कोटेड जाड तारांवर तिचा उपयोग नगण्य, पण त्याच सेटच्या पहिल्या-दुसऱ्या तारेवर जरूर फिरवावी.

पावडर घेऊ नका. टाल्कम पहिल्या दोन गाण्यांना छान वाटते, मग घामात तिची पेस्ट होते आणि ती वेढ्यांत जाऊन बसते. गिर्यारोहक वापरतात तो लिक्विड चॉक, म्हणजे अल्कोहोलमध्ये कालवलेलं मॅग्नेशियम कार्बोनेट, हाही डाव्या हातासाठी निरुपयोगी. तो पकड वाढवतो, आणि गिटारवर बोटाला पकडीइतकंच सरकावंही लागतं. सॅनिटायझरमध्ये बहुधा ग्लिसरीन असतं, त्याने बोटं चिकट होतात. शिवाय अल्कोहोल लागलेला हात नायट्रोसेल्युलोज किंवा फ्रेंच पॉलिशच्या गिटारला लागला तर पॉलिश पांढुरकं पडतं. वाजवायच्या आधी साबण, गार पाणी आणि कोरडा टॉवेल, एवढं पुरे. आंघोळीनंतर मात्र अर्धा तास थांबा, कारण भिजून मऊ झालेले घट्टे तारेखाली सोलतात.

घाम मुळातूनच कमी करायचा असेल तर विषय औषधाच्या दुकानाचा आहे, वाद्याच्या नव्हे. तळहाताच्या घामग्रंथी उन्हापेक्षा मनाच्या ताणाला लवकर प्रतिसाद देतात. म्हणून एसी हॉलमध्येही स्टेजवर चढताच हात भिजतात. २० टक्के अॅल्युमिनियम क्लोराइड हेक्झाहायड्रेटचं द्रावण इथे खरोखर काम करतं, ते घामनलिकेचं तोंड तात्पुरतं बंद करतं. पण वापरायची पद्धत पाळावी लागते. रात्री झोपताना, पूर्ण कोरड्या तळहाताला पातळ लावायचं आणि सकाळी धुवायचं. सुरुवातीला ओळीने काही रात्री, मग फरक पडला की आठवड्यातून एक-दोनदा. हात ओलसर असताना लावलं तर पाण्याशी संयोग होऊन हायड्रोक्लोरिक आम्ल तयार होतं आणि तळहात झोंबतो. “मला हे सोसलं नाही” असं म्हणणाऱ्यांपैकी पुष्कळांची चूक हीच असते. बोटांची टोकं तारेने चिरलेली असतील तर ती जागा सोडून लावा. कार्यक्रमाच्या तासभर आधी लावून काही मिळत नाही. याने भागलं नाही तर त्वचारोगतज्ज्ञाकडे आयोंटोफोरेसिसचा उपाय असतो, त्यात पाण्याच्या ट्रेमध्ये हात ठेवून सौम्य विद्युतप्रवाह देतात. पेसमेकर असणाऱ्यांना आणि गरोदर स्त्रियांना तो देत नाहीत. घाम अचानक वाढला असेल आणि सोबत हात थरथरत असतील, वजन उतरत असेल, तर तारांचा विचार बाजूला ठेवून आधी थायरॉइड तपासून घ्या.

उजव्या हातातलं पिक निसटत असेल तर गुळगुळीत सेल्युलॉइड टाकून द्या. डनलॉपचं टॉरटेक्स खडबडीत असतं आणि घामात फिरत नाही. स्ट्रमिंगला पिवळं ०.७३ मिलिमीटरचं, एकेका तारेवर वाजवायला हिरवं ०.८८ चं. तेही निसटलं तर त्याच कंपनीचं मॅक्स-ग्रिप घ्या, त्याच्या पकडीच्या जागी उठावदार जाळी असते.

इलेक्ट्रिक वाजवणाऱ्यांनी ब्रिजकडे लक्ष ठेवायला हवं. तळहाताची कड सॅडलवर टेकते आणि उंचीचे बारीक स्क्रू घामाने गंजून बसतात. मग कधी उंची बदलायची म्हटलं की चावी गुळगुळीत फिरते आणि स्क्रूचं षटकोनी भोक बाद होतं. दोन महिन्यांतून एकदा, तारा बदलताना, टूथपिकच्या टोकाने शिलाई मशीनच्या तेलाचा थेंब प्रत्येक स्क्रूच्या आट्यांना लावा आणि चावीने पाव फेरा पुढे-मागे करा. फ्रेट घासायला बारीक स्टील वूल वापरत असाल तर आधी पिकअपवर चिकटपट्टी लावा. लोखंडाचा चुरा चुंबकाला एकदा चिकटला की निघता निघत नाही.

केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात का, याचं उत्तर गावावर अवलंबून आहे. कोकणात, मुंबईत, गोव्यात जून ते सप्टेंबर ठेवाव्यात, आणि महिन्याने बदलाव्यात. नागपूर-अकोल्याच्या उन्हाळ्यात मात्र मुळीच नाही. तिथे एप्रिल-मेची हवा आधीच इतकी कोरडी असते की लाकूड आकसतं आणि फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागतात. तार वाचवायला जाऊन खोक्याला चीर पाडून घेऊ नका. लाकडाला ४५ ते ५५ टक्के आर्द्रता मानवते. केसमध्ये छोटा डिजिटल हायग्रोमीटर टाकून ठेवा आणि पुड्या घालायच्या की काढायच्या ते त्याच्या आकड्यावर ठरवा.

खरेदी करताना पाकीट सीलबंद आहे ना, ते नीट पाहा. नामांकित तारांच्या नकला ऑनलाइन सर्रास विकल्या जातात आणि नकली तार घामट हाताखाली चार दिवसही टिकत नाही. छपाई फिकट असेल किंवा भाव अविश्वसनीय उतरलेला असेल तर सोडून द्या. ज्या वाद्याच्या दुकानात तारांची उलाढाल रोजची आहे तिथूनच घ्या, आणि सेटसोबत १२ व १६ च्या सुट्या तारा त्याच फेरीत मागून घ्या.