डीलरचा ऑनलाइन सपोर्ट: काम फटाफट, पण कायमचा पासवर्ड नको

रेटिंग: पाचपैकी तीन.

मी इचलकरंजीत घरूनच सूतव्यापाऱ्यांचे हिशेब लिहिते. अकाउंटिंग सॉफ्टवेअरचा वार्षिक सपोर्ट गावातल्याच एका डीलरकडे आहे. पोरं हुशार, यात वादच नाही. जीएसटीआर-१, म्हणजे विक्रीचं मासिक जीएसटी रिटर्न, भरायच्या शेवटच्या दिवशी, ११ तारखेला, डेटाच उघडेना. फोन केला. "मॅडम, एनीडेस्कचा नंबर सांगा." एनीडेस्क म्हणजे समोरच्याला त्याच्या जागेवरून आपला कॉम्प्युटर चालवू देणारं ॲप. चहा उकळेपर्यंत बॅकअप रिस्टोअर!

काम झालं तरी माउस थांबेना. सेटिंग्ज, सिक्युरिटी, 'अनअटेंडेड ॲक्सेस'वर टिक, आणि खाली पासवर्डचे काळे ठिपके.

"हे काय करताय?"

"पुढच्या वेळी तुम्हाला ॲक्सेप्ट दाबायला नको, मॅडम. सगळ्या पार्ट्यांना हाच पासवर्ड ठेवतो."

सगळ्या पार्ट्यांना! माझ्या मशीनवर लोकांचे पॅन, बँक स्टेटमेंटं, रिटर्न. घरचाच कॉम्प्युटर, म्हणून लेकीचे फोटोही. हा पासवर्ड हाती असला की मी स्वयंपाकघरात असतानाही फाइल ट्रान्सफरमधून आख्खं फोल्डर उचलता येतं. हा मुलगा तसं करेल असं मी म्हणत नाही. पण उद्या तो नोकरी सोडून गेला की पासवर्डही त्याच्यासोबत गेला. तिथल्या तिथे टिक काढायला लावली.

दोष ॲपचा नाही. तरी २०१९ मध्ये रिझर्व्ह बँकेने एनीडेस्कचं नाव घेऊन बँकांना सावध केलं होतं, कारण भामटे याच नंबरावरून लोकांच्या मोबाइलमध्ये शिरून खाती साफ करत होते. आणि खुद्द एनीडेस्कच्या सिस्टिममध्ये घुसखोरी झाल्याचं फेब्रुवारी २०२४ मध्ये उघड झालं. कंपनीने आपल्या वेब पोर्टलचे सगळे पासवर्ड रद्द केले आणि तोच पासवर्ड दुसरीकडे वापरला असेल तर बदला म्हणून सांगितलं. इथे तर सगळ्या गिऱ्हाइकांना मिळून एकच!

आता मी 'इंटरॅक्टिव्ह ॲक्सेस'मध्ये एनीडेस्कची खिडकी उघडी असेल तरच रिक्वेस्ट येऊ द्यायचा पर्याय निवडलाय. ॲक्सेप्टच्या चौकटीत फाइल आणि क्लिपबोर्डची परवानगीही बंद करते. कॉपी केलेला पासवर्ड पलीकडे कशाला जायला हवा? काम चालू असताना उठत नाही. डिस्कनेक्ट मीच करते.

रिन्युअलच्या वेळी मालकांना स्पष्ट सांगितलं, पासवर्ड ठेवणार नाही. "ठेवू नका, ताई, पण मग फोनवर हजर राहावं लागेल." राहीन की. एक स्टार पासवर्डचा कापला, दुसरा शनिवारी दुपारनंतर फोन उचलत नाहीत म्हणून.