सायकलची वालटूब: हुशार पोरांसाठी मी घेतलेली सगळ्यात कामाची वस्तू

तालुक्याला बसस्टँडसमोर जे जुनं सायकल दुकान आहे तिथून मागच्या जूनमध्ये वालटूब आणली होती, वर्षभर वर्गात वापरून झाली म्हणून आता लिहितो. वालटूब म्हणजे जुन्या पद्धतीच्या सायकलच्या वॉल्ववर चढवतात ती बारीक रबरी नळी, हवा उलटी बाहेर येऊ नये म्हणून असते ती.

आमची शाळा जिल्हा परिषदेची, यवतमाळ जिल्ह्यातली, दोनच शिक्षक, तिसरी-चौथी माझ्याकडं एकाच खोलीत. अशा वर्गात मागं पडलेल्या पोराकडं लक्ष जातेच, पण जे पोरगं दहा भागाकार पाच मिनिटात करून हात बांधून बसते त्याला आपण काय देतो तर अजून दहा भागाकार, नाहीतर पाचवीचं पुस्तक. मीही तेच करत होतो. एक पोरगी आहे, वडील सालदार, ती तिसरीत असताना दिवाळीनंतर मुद्दाम हळू गणितं सोडवायला लागली, कारण लवकर झालं की अजून मिळतात हे तिला कळलं होतं. ते ध्यानात आलं त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

मग आधी ऑनलाइन एक किट मागवलं, महागडं होतं. माहितीचा कागद सगळा इंग्रजीत, तरी त्या पोरीनं चित्रं पाहून वीस मिनिटात जोडलं आणि म्हणे, "झालं सर, आता काय करू जी?" त्याचं एकच मॉडेल होते, दुसरं काही होतच नाही, ते किट कपाटात गेलं.

काडेपेटीच्या काड्या वालटूबनं जोडायची आयडिया अरविंद गुप्तांची, टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणारे ते. १९७८ मध्ये टेल्कोतून (आताची टाटा मोटर्स) रजा घेऊन ते मध्य प्रदेशात होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमात गेले, तिथं आठवडी बाजारात मिळणाऱ्या वस्तूंतून हे सुरू झालं. २०१८ ला त्यांना पद्मश्री मिळाली. करायचं एवढंच की काडीचा गूल ब्लेडनं खरवडून टाकायचा (हे काम मी घरीच करून आणतो, पोरांच्या हाती ब्लेड नाही), ट्यूबचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे, दोन्हीकडून काड्या खोचल्या की जोड तयार. तीन काड्यांचा जोड पाहिजे तर तुकड्याच्या मधात बाभळीच्या वाळल्या काट्यानं भोक पाडून तिसरी काडी घुसवायची, टोक जरा तासून. ओला काटा घेऊ नका, वाकते.

पहिल्या दिवशी नुसता त्रिकोण आणि चौकोन केला. चौकोन दाबला की पतंगासारखा तिरपा होते, त्रिकोण कितीही दाबा हालत नाही. सगळ्या पोरांना मजा आली, गोदामाच्या टिनाखालच्या कैच्या त्रिकोणी काहून असतात ते कोणालाच सांगावं लागलं नाही, बंडीचे दोन दांडे समोर जुवाजवळ येऊन जुळतात तेही एकानं आपणहून सांगितलं. पण ती पोरगी चौकोन घेऊनच बसली होती, त्याला पक्कं करायला कोपऱ्यातून कोपऱ्यात काडी टाकत होती, अन् काडी पुरत नव्हती. "सर, आडवी पुरते, उभी पुरते, मंग तिरपी काहून नाही पुरत?" खराट्याची काडी दिली, तिनं मोजून तोडली. बाजू ५ सेंटिमीटर, तिरपी ७. मग खराट्याच्याच काड्यांचा मोठा चौकोन केला, बाजू १०, तिरपी १४. पट्टी ठेवून तीनदा मोजलं तिनं. चौथीच्या पोरीला मी वर्गमूळ काही शिकवलं नाही, पण चौकोनाची बाजू दुप्पट केली की तिरपीही दुप्पट होते हे तिचं तिनं शोधलं आणि त्या दिवशी सुटी झाल्यावरही ती घरी जाईना.

आता तक्रारी. ट्यूब जुनी असली तर काटा टोचला की उभी फाटते, म्हणून दुकानात ताणून पाहूनच घ्या. एप्रिलच्या उन्हात टिनाच्या खोलीत ठेवलेली ट्यूब चिकट झाली, जोड सुटायला लागले, डबा सावलीत ठेवा. काड्या लाकडीच पाहिजे, मेणाच्या चालत नाहीत. आणि नवीन गिअरच्या सायकलींना मोटरसायकलसारखा वॉल्व येते त्यामुळं बरेच दुकानदार ही ट्यूब ठेवतच नाहीत, आमच्या दुकानवाल्या काकांनी मात्र शाळेसाठी म्हटल्यावर मागवून दिली, ट्यूब अन् काड्यापेट्यांचं पुडकं मिळून दोनशेच्या आत काम झालं. एवढ्यात अख्खा वर्ग वर्षभर खेळला.

पालक विचारतात, याचा नवोदयच्या प्रवेश परीक्षेला उपयोग काय? त्या पेपरात ८० पैकी ४० प्रश्न बुद्धिमत्तेचे असतात, सगळे आकृत्यांचे, अन् हातानं आकार फिरवून पाहिलेल्या पोराला त्या आकृत्या परक्या वाटत नाहीत. पण मी त्यासाठी आणली नव्हती.

जानेवारीत घन आकारांवर आलो. ६ काड्यांचा चार कोपऱ्यांचा पिरॅमिड, १२ काड्यांचा डबा. मी फक्त तक्ता आखून दिला होता, कोपरे किती, काड्या किती, बाजू म्हणजे सपाट पृष्ठं किती. आठवडाभरानं ती वही घेऊन आली, कोपरे अन् बाजू मिळवल्या की काड्यांपेक्षा २ जास्त, दरवेळी. डबा पाहा, ८ अन् ६ चौदा, काड्या १२. पिरॅमिड, ४ अन् ४ आठ, काड्या ६. हे सूत्र मोठ्या गणितज्ञाच्या नावानं आहे, ऑयलरच्या, ते मी तिला नंतर सांगितलं, तर तिनं विचारलं त्यांच्याकडं पण वालटूब होती का.

सध्या तिचं सात काड्यांवर अडलं आहे. ६ चा बंद आकार होते, ८ चा होते, ९ चा होते, पण ७ चा करायला गेलं की एक काडी लोंबकळते किंवा उरते. होतच नाही एवढं तिला समजलं आहे, काहून होत नाही ते शोधणं सुरू आहे. सुटीत घरी न्यायला काड्या-ट्यूबचा डबा मागितला, मी दिला, अन् उत्तर सांगितलं नाही.