वॅक्स हीटर आणि हार्ड वॅक्स: आठ महिन्यांच्या वापरानंतर

पट्टीच्या वॅक्सचा डबा गरम पाण्यात ठेवून ठेवून कंटाळले आणि गणपतीच्या आधी ५०० मिलीचा वॅक्स हीटर आणि हार्ड वॅक्सचे बीन्स, म्हणजे पट्टी न लावता थेट ओढून केस काढायच्या वॅक्सचे दाणे, घेतले. आठ महिने दर चार-पाच आठवड्यांनी वापरतेय. वस्तू चांगली आहे, पण तापमानाबद्दल खोक्यावर जे लिहायला हवं होतं ते लिहिलेलं नाही, म्हणून इतकं सविस्तर लिहितेय.

पहिल्याच वेळी मनगट भाजलं. खोक्यावर ‘हाय’वर ठेवा एवढंच होतं. वॅक्स पूर्ण पातळ झालं, मला वाटलं तयार झालं. लावलं आणि डोळ्यांत पाणी आलं. लगेच नळाखाली हात धरला, वीस मिनिटं तसाच ठेवला. डाग जायला दीड महिना लागला.

तेव्हा कळलं की वितळण्याचं तापमान वेगळं आणि लावण्याचं वेगळं. बीन्समध्ये राळ आणि मेण असतं. मधमाशीचं मेण ६२ ते ६४ अंशांना वितळतं, राळ त्याच्याही पुढे हळूहळू मऊ होत जाते. म्हणजे वॅक्स पाण्यासारखं पातळ दिसतंय, तेव्हा ते अंगाला लावण्याजोगं नसतंच. ६० अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, आणि पाणी निदान ओघळून जातं. वॅक्स चिकटून बसतं.

मग स्वयंपाकघरातला पाकाचा थर्मामीटर आणला. डायल ८० वर असताना भांड्याच्या कडेला ८३ आणि मध्ये जेमतेम ५६, तिथे बीन्सचा गोळा तसाच! सेन्सर तळाशी असतो, मधल्या वॅक्सचं त्याला काही कळत नाही. त्यामुळे आता ८० वर वितळवते, लाकडी चमच्याने तळापासून ढवळते, मग डायल ५० वर आणून पंधरा-वीस मिनिटं थांबते. ४५ च्या आसपास चमच्यावरून जाड मधासारखी सलग धार पडते, वर हलकी साय धरते. तेव्हा लावायचं, आधी मनगटाच्या आतल्या बाजूला थेंबभर. थंडीत पंखा बंद ठेवा, नाहीतर लावेपर्यंत घट्ट होऊन तुटतं.

आई अजून साखर-लिंबाचंच वॅक्स करते. त्याचा गोळीबंद पाक ११२ ते ११६ अंशांवर होतो, पण ती तो कोमट झाल्याशिवाय हातात घेत नाही. तिला थर्मामीटर लागत नाही. मला लागतो, आणि हा हीटर घेणाऱ्या प्रत्येकीने तो घ्यावा असं मी सांगेन.

काखेत आणि बिकिनी भागात हार्ड वॅक्स खरंच कमी दुखतं, केस तांदळाच्या दाण्याएवढे वाढलेले असतील तर मुळासकट येतात. पायांसाठी मात्र मी परत पट्टीकडे वळले, पूर्ण पायांना बीन्स फार जातात. रेटिनॉलचं क्रीम लावत असाल तर त्या जागी वॅक्स नकोच, वरची कातडी निघून येते. मायक्रोवेव्हमध्येही एकदा करून पाहिलं: वरून घट्ट, आत उकळतं. परत केलं नाही.