करसवलत की माणसं, गुंतवणूकदारांपुढे नक्की काय मांडायचं?

महानगर प्रदेशात कंपन्या आणायच्या म्हटलं की दोन रस्ते दिसतात, एक म्हणजे करसवलतीचं मोठ्ठं पॅकेज आणि दुसरा म्हणजे आपली माणसं, कॉलेजं, पाणी, वीज, वाहतूक हे सगळं आकड्यांसकट नीट मांडणं. मला विचाराल तर दुसरा.

पॅकेजची लगेच बातमी होते, कंपनीच्या हिशोबातही ते पटकन दिसतं, पण शेजारचं शहर उद्या त्याहून मोठा आकडा देऊ शकतंच ना! अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीत वर्षानुवर्षं हेच चाललं, महानगर दोन राज्यांत विभागलेलं, कंपन्या सवलत घेऊन नुसती हद्द ओलांडायच्या आणि एकूण प्रदेशाच्या हाती फारसं नवं काही लागायचं नाही, शेवटी २०१९ मध्ये दोन्ही राज्यांनी हे थांबवायचं ठरवलं.

उलट अ‍ॅमेझॉनचं बघा. २०१७ मध्ये दुसऱ्या मुख्यालयासाठी २३८ प्रस्ताव आले, न्यू जर्सी राज्यातल्या न्यूअर्ककडून तब्बल ७ अब्ज डॉलरच्या सवलतींची ऑफर होती, तरी २०१८ मध्ये निवड झाली न्यूयॉर्क आणि व्हर्जिनियातल्या आर्लिंग्टनची. सवलत व्हर्जिनियानेही दिली, पण खरा भर होता टेक क्षेत्रातली माणसं घडवण्यावर, व्हर्जिनिया टेक या विद्यापीठाचा नवा कॅम्पस त्याचाच भाग, आणि असं कॉलेज एकदा उभं राहिलं की कंपनी उद्या गेली तरी ते तिथल्या मुलांसाठी राहतंच. न्यूयॉर्कचा बेत मात्र २०१९ मध्ये स्थानिक विरोधानंतर कंपनीने सोडला, आणि त्या विरोधात सवलतींचा मुद्दा मोठा होता.

सवलत अजिबात देऊच नका असं नाही, फक्त नोकऱ्या प्रत्यक्ष झाल्यावरच पैसे, असा पक्का करार हवा.