बेलिफ दारात आला तर आधी फीचा हिशोब मागा

इंग्लंडमध्ये कौन्सिल टॅक्स (स्थानिक कौन्सिलचा घरपट्टीसारखा कर) थकला की दारात येणारा वसुलीवाला, म्हणजे बेलिफ, बहुधा सरकारी नोकर नसतो, हे आपल्यापैकी कितीतरी जणांना माहीत नसतं. महाराष्ट्रात बेलिफ हा कोर्टाचा पगारी माणूस. त्या सवयीने इथेही त्याने सांगितलेला आकडा आपण मुकाट्याने मोजतो. इथला माणूस मात्र बहुतेक वेळा खासगी कंपनीचा असतो आणि त्या कंपनीची कमाई फीवर चालते. आमच्याकडून अशाच एका कंपनीने ५८० पाउंड नाहक घेतले. कंपनीचं आणि कौन्सिलचं नाव लिहीत नाही, पण ही युक्ती आमच्यापुरती नव्हती म्हणून सविस्तर सांगते.

देणं खरं होतं, त्याबद्दल वाद नाही. नवऱ्याची नोकरी गेली, हप्ते राहिले, पुढच्या आर्थिक वर्षातलेही काही राहिले. कौन्सिलने मॅजिस्ट्रेट कोर्टातून दोन वर्षांच्या दोन लायबिलिटी ऑर्डर (थकबाकी वसूल करायला कोर्टाने दिलेले आदेश) घेतल्या, एक ५४० पाउंडांची आणि दुसरी ७८० ची. दरम्यान आम्ही त्याच बरोमध्ये, म्हणजे त्याच कौन्सिलच्या हद्दीत, लहान घरात राहायला आलो होतो. नव्या घराचं बिल कौन्सिल नव्या पत्त्यावर पाठवत होती आणि ते आम्ही वेळेवर भरत होतो. कंपनीच्या नोटिसा मात्र गेल्या जुन्या फ्लॅटवर.

२०२३ च्या हिवाळ्यात एका सकाळी, अजून उजाडायचं होतं तेव्हा, बेल वाजली. नवरा रात्रपाळीवर होता. घरात मी आणि सांगलीहून आलेल्या सासूबाई. दारात धिप्पाड माणूस, छातीवर कॅमेरा, त्याचा लाल दिवा चालू, एका हातात कार्डाचं मशीन. म्हणाला, २,०५० पाउंड आत्ता भरा, नाहीतर गाडीच्या चाकाला क्लॅम्प लावतो, आणि कुलूप उघडणारा लॉकस्मिथ वाटेवर आहे. सासूबाईंना इंग्रजी कळत नाही, पण आवाज कळतो. त्या मागे भिंतीला धरून उभ्या होत्या आणि "अगं देऊन टाक, देऊन टाक" एवढंच म्हणत होत्या. मी घरोघरी जाऊन वृद्धांची देखभाल करण्याचं काम करते. गाडी गेली की काम गेलं. नातेवाइकांकडून ठेवायला घेतलेले पैसे खात्यात होते, त्यातून मी भरले.

त्याने हातात ठेवलेल्या पावतीवर नुसता एकूण आकडा होता. फोड मागितली तर म्हणाला, ऑफिसला ईमेल करा. केली. बऱ्याच दिवसांनी उत्तर आलं तेव्हा सगळं उघड झालं.

बेलिफची फी कुणाच्या मर्जीवर नाही, २०१४ च्या नियमांनी ती ठरवून दिली आहे. प्रकरण कंपनीकडे आलं की ७५ पाउंड. नोटिशीनंतरही काही झालं नाही आणि माणूस घरी आला की २३५. माल विक्रीसाठी उचलायला आले तर आणखी ११०. देणं १,५०० पाउंडांच्या वर असेल तर शेवटच्या दोन टप्प्यांत वरच्या रकमेवर साडेसात टक्के. आमच्या वेळी हेच दर होते. भेटीगणिक फी नसते, "क्लॅम्प चार्ज" किंवा "व्हॅन चार्ज" नावाचं काही नसतं.

आमच्या हिशोबात ७५ दोनदा, २३५ दोनदा आणि वर ११०. म्हणजे एकच माणूस, एकच दार, एकच सकाळ, आणि भेटीची फी दोन. एकाच माणसाविरुद्ध अनेक ऑर्डर असतील तर शक्य तिथे त्या एकत्र चालवून घरी येण्याची फी एकदाच लावायची, असं नियमच सांगतो. त्या ११० ला तर काहीच आधार नव्हता. आमच्या घरातली सुईसुद्धा त्यांनी यादीत घेतली नव्हती, मग विक्री कशाची? या दोन गोष्टींचे मिळून ३४५ झाले. उरलेल्या २३५ चं कारण वेगळं. घरी येण्याआधी कर्जदार जिथे राहतो तिथे नोटीस पोचवून आमच्या वेळी सात पूर्ण दिवस द्यावे लागत, त्यात रविवार आणि बँक हॉलिडे धरत नसत. आमचा पत्ता कौन्सिलच्या दप्तरात असताना ती दुसरीकडे गेली होती.

लॉकस्मिथची धमकी सर्वांत संतापजनक. कौन्सिल टॅक्सच्या वसुलीसाठी पहिल्या भेटीत कुलूप तोडून आत येता येत नाही. दार उघडून आत घेतलं किंवा दाराला कुलूप लावलेलं नसलं, तरच तो येऊ शकतो. एकदा आत येऊन मालाची यादी केली, त्यावर हप्त्यांचा करार झाला आणि तो मोडला, तर मात्र पुढच्या वेळी जबरदस्तीने येऊ शकतो. म्हणून बोलणं बंद दाराआडून किंवा खिडकीतून करायचं आणि सही करायची नाही. गाडीचंही तसंच. कामासाठी लागणाऱ्या वस्तूंना १,३५० पाउंडांपर्यंत संरक्षण आहे, आणि आमच्या जुन्या गाडीला बाजारात हजारसुद्धा आले नसते.

ओळखीतले काही जण सांगतात, पैसे थेट कौन्सिलला भरा म्हणजे फी आपोआप जाते. ते खोटं आहे. रीतसर लागलेली फी तशीही वसूल होते. भांडायचं ते बेकायदा फीवर.

कंपनीने आधी ३४५ परत देऊ केले, "सदिच्छा म्हणून". आम्ही ते शब्द मान्य केले नाहीत. नव्या पत्त्यावरची बिलं जोडून कौन्सिलकडे लेखी तक्रार केली, कारण कंपनी नेमते कौन्सिल, तेव्हा तिच्या वागण्याला जबाबदारही कौन्सिलच. पहिल्या टप्प्यावर नकार आला, दुसऱ्यावर पूर्ण ५८० कार्डावर जमा झाले. दोन ऑर्डरच्या प्रत्येकी ७५ प्रमाणे दीडशेची फी तेवढी त्यांच्याकडे राहिली. तिथेही दाद लागली नसती तर पुढची पायरी लोकल गव्हर्नमेंट अँड सोशल केअर ऑम्बड्समनची (कौन्सिलांविरुद्धच्या तक्रारी पाहणारा लोकपाल) होती, आणि तिथे तक्रारीला फी पडत नाही.

तुमच्याकडे माणूस आला तर त्याचं नाव विचारा आणि न्याय मंत्रालयाच्या प्रमाणित बेलिफांच्या यादीत ते शोधा. फोनवर "बेलिफ बोलतोय, या खात्यात पैसे टाका" म्हणणारे तर निव्वळ भामटे निघतात. आधी कौन्सिलला फोन करून खात्री करा. देणं झेपत नसेल तर नॅशनल डेटलाइन किंवा सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसला फोन करा, सल्ला फुकट मिळतो. त्यांच्यामार्फत ६० दिवसांची ब्रीदिंग स्पेस, म्हणजे कायद्याने मिळणारी सवड, मिळाली तर तेवढे दिवस वसुली थांबते. ज्याच्या नावावर देणं आहे तो आजारी, वृद्ध किंवा मानसिक त्रासात असेल तर ते कंपनीला आणि कौन्सिलला लगेच लेखी कळवा. अशा माणसाला सल्ला घ्यायची पुरेशी संधी दिली नसेल, तर घरी येण्याची फी त्याच्याकडून घेता येत नाही.