स्टार्स! : ईमेलवर खेळायचं अंतराळयुद्ध

गेम १९९५ चा आहे, जेफ जॉन्सन आणि जेफ मॅकब्राइड या दोघांनी आधी स्वतःला खेळायला म्हणून बनवलेला, आणि दिसायला म्हणाल तर काळ्या स्क्रीनवर ठिपके आणि ढीगभर आकडे, बस. पण गेले दोन महिने मी दुसरं काही खेळलेलोच नाही.

होस्ट, म्हणजे गेम चालवणारा, आपल्याला टर्न फाइल (त्या खेपेची आपली सगळी स्थिती असलेली फाइल) मेल करतो, आपण निवांत बसून ग्रहांना, जहाजांना ऑर्डर द्यायच्या आणि ती फाइल परत पाठवायची, सगळ्यांच्या आल्या की एकदम सगळं चालतं आणि गेममधलं एक वर्ष पुढे सरकतं. सुरुवात २४०० सालापासून, १६ जणांपर्यंत खेळता येतं. आम्ही सहा जण आहोत, कॉलेजचे मित्र, दोघं अमेरिकेत, एक सिंगापूरला, एका वेळी ऑनलाइन यायचं कधीच जमत नाही पण दिवसाला एक टर्न सगळ्यांना जमते.

यातली खरी मजा अंदाज बांधण्यात आहे, कारण समोरच्यानेही त्याच वेळी काहीतरी ठरवलेलं असतं. वॉर्प म्हणजे जहाजाच्या वेगाची पायरी, आणि वेग वॉर्पच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वॉर्प ४ ला वर्षाला १६ प्रकाशवर्षं आणि वॉर्प ९ ला ८१. मी घाईने बारा बॅटलशिप वॉर्प ९ ला सोडल्या, आणि वाटेत माझा स्कॅनर पोचत नव्हता तिथे मित्राने माइन्स, म्हणजे सुरुंग, पेरलेल्या. साध्या माइन्समधून वॉर्प ४ पर्यंतच सुखरूप जाता येतं, आणि माइन लागली की अख्खा ताफा आहे तिथेच थांबतो. त्यात त्याची जमात स्पेस डिमॉलिशनवाली, म्हणजे सुरुंगांत तरबेज, त्यांची माइनफील्ड (सुरुंग पेरलेले पट्टे) स्कॅनरचंही काम करतात, म्हणजे मी त्याला आधीपासून दिसत होतो! पुढच्या मेलमध्ये सात जहाजं उरली होती. रात्रभर डोक्यात तेच चालू होतं.

स्वतःची जमात बनवणं हाच अर्धा गेम आहे, गुरुत्वाकर्षण, तापमान, रेडिएशन किती सोसणार ते ठरवा, दहा मुख्य गुणांतला एक निवडा (स्पेस डिमॉलिशन हा त्यातलाच), मी तर त्यातच दोन संध्याकाळी घालवल्या.

खटकणारं म्हणजे ग्रह पन्नासच्या वर गेले की एकेका टर्नला दोन तास लागतात, ते फार होतं. शिवाय प्रोग्राम १६-बिटचा, आजच्या ६४-बिट विंडोजवर सरळ चालत नाही, एम्युलेटर (जुन्या कॉम्प्युटरची नक्कल करणारा प्रोग्राम) किंवा जुनी विंडोज लागते. आणि एकाने मधेच सोडलं की त्याच्या शेजाऱ्याला आयतं साम्राज्य मिळतं, आमच्याकडे एकदा झालंय ते. तेव्हा वेळेवर फाइल पाठवणारेच मित्र घ्या, आणि पहिल्यांदा टायनी, म्हणजे सगळ्यात छोट्या नकाशावरच खेळा.